बंदिस्त देशातला साधा दिवस: होजाचा अल्बानिया आणि किमांचा उत्तर कोरिया

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. शीतयुद्धाच्या धड्यात बर्लिनची भिंत येते, क्युबाचा पेचप्रसंग येतो, गोर्बाचेव्ह येतात. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, जे देश अमेरिकेशी पण भांडले आणि रशियाशी पण, तिथली माणसं सकाळी उठून काय करायची?" प्रश्न मनाला लागला, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते सगळं वरचं वरचं.

तिला दोन नावं सांगितली. एक अल्बानिया. एन्व्हर होजा १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर. १९४८ ला युगोस्लाव्हियाशी फाटलं, १९६१ ला सोव्हिएत संघाशी, १९७८ ला चीनशी. त्यानंतर जवळचं असं कुणी उरलंच नाही. दुसरा उत्तर कोरिया, १९४८ पासून आजोबा, मुलगा आणि आता नातू. पण दुधाची सोय कशी व्हायची, लग्न जमवताना काय बघायचे, पाहुणा रात्री राहिला तर चालायचं का, घरात रेडिओवर काय लागायचं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

तिथे राहिलेलं किंवा तिथल्या माणसांना जवळून ओळखणारं कुणी असेल तर लिहा. साम्यवाद चांगला की वाईट यावर इथे भरपूर धागे आहेत, तो वाद कृपया या धाग्यावर नको. मला रोजचं जगणं हवं आहे.

चाफेकळी

सर, मला वाटतं असे सगळे देश थोड्याफार फरकाने सारखेच. रेशन, रांगा, पोलीस, पुतळे. आणि रांगांचं म्हणाल तर आपणही काही कमी पाहिल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या आईने रॉकेल आणि मिलोसाठी (रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी) रेशनच्या दुकानापुढे अर्धा अर्धा दिवस काढलाय. गरीब देशात असंच असतं, त्याला राजवट कुठलीही असो.

रानजाई

गोदाकाठ सर, मी मूळची इचलकरंजीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तिरानात, म्हणजे अल्बानियाच्या राजधानीत राहिलो. आमची घरमालकीण सत्तरीची. तिची उमेदीची सगळी वर्षं तिथल्या कापड गिरणीत गेली. ही गिरणी १९५१ मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहिली, नाव स्टालिनचं. शहराच्या त्या भागाला आजही कोंबिनात म्हणतात. मी यंत्रमागवाल्यांच्या घरातली, कांड्या आणि वहिफणी बघत वाढलेली, त्यामुळे आमचं पटकन जमलं. भाषा मोडकीतोडकी आल्यावर ती बोलायला लागली आणि मग थांबायची नाही.

माझं मत आधीच सांगते. या दोन देशांत भीती एकाच जातीची होती, पण आज रात्री चुलीवर काय शिजणार हे ठरवणारा हात वेगळा होता. अल्बानियात शेवटपर्यंत सरकारच खायला घालायचं. थोडं, निकृष्ट, रडतखडत, पण सरकारच. उत्तर कोरियात १९९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने हात वर केले आणि बायकांनी बाजार उभा केला. दोन देशांमधले बाकीचे बरेच फरक मला यातून निघालेले दिसतात.

आता दूध. आजी (मी तिला आजीच म्हणायचे) पहाटे तीनला उठून रांगेत जागा धरायची. स्वतः उभं राहायचं नाही, कारण सहाला गिरणीची पाळी. तिथे आपली वीट किंवा जाळीची पिशवी ठेवून यायची. प्रत्येकाला आपली वीट ओळखू यायची आणि दुसऱ्याची वीट कुणी हलवायचं नाही. दुकान उघडायच्या वेळी घरातलं एखादं पोर येऊन विटेच्या जागी उभं राहायचं. तिच्या लेकीचं बालपण अशा रांगेतच गेलंय.

ही ओढाताण आधीपासून इतकी नव्हती. १९८१ च्या सुमारास सरकारने खेड्यातल्या कुटुंबांकडे उरलेली गायी-शेळ्या-मेंढ्यांची चार जनावरंही सहकारी शेतीच्या कळपात जमा करून घेतली. आजीच्या आईचं गाव लुश्नियाजवळ. तिची एकुलती एक गाय नेली. त्या गायीच्या दुधावर खेड्यातलं घर तर चालायचंच, शिवाय लोणी आणि चीज गुपचूप शहरातल्या लेकीकडेही पोचायचं. गोठे रिकामे झाले, सामूहिक कळपाची निगा कुणी मन लावून घेतली नाही, आणि शहरातल्या रांगा वाढल्या. एका निर्णयाने खेडं आणि शहर दोन्ही एकदम उपाशी पडलं. सर, मुलांना अर्थव्यवस्था समजावायला ही एक गाय पुरे आहे.

आणि हे सगळं चालू असताना बाहेरून मदत घ्यायची नाही, हे त्यांनी राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं. १९७६ च्या घटनेने परदेशी कर्ज घ्यायलाच बंदी केली. त्याच काळात सिमेंट आणि लोखंड जात होतं बंकरमध्ये. पावणेदोन लाखांच्या आसपास बंकर बांधले गेले, तीस लाखांच्याही आतल्या लोकवस्तीसाठी. द्राक्षांच्या मळ्यात, समुद्रकिनाऱ्यावर, दफनभूमीच्या कडेला मी ते स्वतः बघितलेत. घरं मात्र लोकांनी पाळी संपल्यावर "स्वयंसेवी" श्रमातून बांधायची. आम्ही राहायचो ती लाल विटांची पाच मजली इमारत तशीच उभी राहिलेली. आजीच्या नवऱ्याने तिच्यासाठी विटा वाहिल्या होत्या, म्हणून त्यांना दोन खोल्या मिळाल्या.

खाजगी मोटार ठेवायला परवानगी नव्हती. संध्याकाळी सगळं शहर बुलेव्हारवर पायी फेऱ्या मारायचं. ही फेरी अजूनही चालू आहे, तिला जिरो म्हणतात. आजी सांगायची की जिरोत बोलायचं ते हवापाणी आणि मुलांची लग्नं. बाकी काही नाही. कारण कोण कुणाला काय सांगतं याचा भरवसा नव्हता. गुप्त पोलिसांचं, सिगुरिमीचं तिरानातलं एक ठाणं आता संग्रहालय झालंय, त्याला पानांचं घर म्हणतात, बाहेरून वेलींनी झाकलेलं. त्या इमारतीत आधी बाळंतपणाचा दवाखाना होता. तिथे भिंतीत आणि सामानात लपवायची ऐकण्याची यंत्रं ठेवलीत. ती बघताना माझ्या बरोबर आलेली आजी एका यंत्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "आम्हाला वाटायचं आम्हीच उगाच घाबरतो."

चाफेकळी, तुमच्या आईंच्या रांगेबद्दल मला आदर आहे, माझ्या सख्ख्या आजीनेही मिलो खाल्लाय. पण त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या होत्या, महागाईविरुद्ध. तिरानाच्या रांगेत "आज पण चीज नाही?" एवढं मोठ्याने म्हटलं तर ते राज्याविरुद्धचा प्रचार ठरू शकायचं. फौजदारी कायद्यात त्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती, आणि असल्या फुटकळ वाक्यांसाठी माणसं खरोखर स्पाचच्या खाणीत कैदी म्हणून तांबं काढत होती. रांग आपल्याकडेही होती. रांगेत बोलायची मुभा आपल्याकडे होती.

धर्माचं लिहिते आणि थांबते. १९६७ मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद केली. दोन हजारांवर मशिदी, चर्च, मठ, बेक्ताशी सूफींचे तेके (त्यांचे आश्रम). काही पाडली, काहींची गोदामं, काहींची व्यायामशाळा. आजीची आई बेक्ताशी. ती दर वर्षी २२ मार्चला, नवरोझला, कुणाच्या तरी वाढदिवसाचं निमित्त करून गोड करायची. रमजानात आणि ईस्टरच्या आधी शाळेत बाई पोरांना सहज विचारायच्या, काल रात्री काय जेवलास? पोरगं खरं बोललं तर घरी चौकशी. म्हणून मुलांना जेवणाबद्दल खोटं बोलायला आधी शिकवायचे, बाराखडी नंतर. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत डॉम श्टियेफन कुर्ती नावाच्या कॅथलिक धर्मगुरूला देहदंड दिला, त्याच्यावर ठेवलेला ठपका एका बाळाला बाप्तिस्मा दिल्याचा.

आपल्याला जवळचं एक उदाहरण मदर तेरेसांचं. त्या जातीने अल्बानियन, जन्म स्कोप्येचा. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहायच्या. कोलकात्याहून त्यांनी आईला बाहेर येऊ द्यावं म्हणून किती मोठमोठ्या लोकांकरवी विनंत्या केल्या, पण ना आईला सोडलं, ना यांना आत येऊ दिलं. आई १९७२ मध्ये गेली, पुढच्या वर्षी बहीण. जगभर फिरलेल्या या बाईंना तिरानात पाय ठेवता आला तो १९८९ मध्ये, तोही कबरी बघायला. आज तिथल्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

गोदाकाठ

रानजाई ताई, गायीचं उदाहरण उद्याच वर्गात सांगणार आहे. खूप आभार.

दोन गोष्टी अजून विचारतो. उत्तर कोरियातल्या बाजाराबद्दल सविस्तर कुणी लिहील का? आणि लग्नाचं राहिलं. "घराणं बघणं" तिथेही होतं असं ऐकलं होतं.

सह्याद्रीपल्याड (सुवन, दक्षिण कोरिया)

मी पुण्याचा, इथे संशोधनासाठी आलो आणि राहिलो. शनिवारी उत्तरेकडून आलेल्या तरुण मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. इथे आजवर असे ३४ हजारांहून जास्त लोक आलेत आणि त्यातल्या दहामधल्या सात बायका. हा आकडाच बाजाराची गोष्ट सांगतो, कारण सरहद्दीपर्यंत पोचायची वाट बाजारातूनच जाते.

जुनी पद्धत अशी होती: पंधरवड्याला सरकारी वाटप. धडधाकट कामगाराला दिवसाला ७०० ग्रॅम धान्य, खाणीतल्या किंवा अवजड कामाच्या माणसाला ९००, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ३००. तांदूळ किती आणि मका किती हे तुम्ही कुठे राहता यावर. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ गेला तसं स्वस्त तेल गेलं, खतांचे कारखाने बंद पडले, पाण्याचे पंप थांबले. १९९४ मध्ये किम इल सुंग वारले. १९९५ ला महापूर आला. ईशान्येकडच्या छोंगजिन, हामहुंग अशा कारखान्यांच्या शहरांत त्याआधीच वाटप थांबत आलं होतं. किती माणसं मेली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, बरेच जण सहा ते दहा लाख म्हणतात. रानजाई ताईंनी लिहिलेल्या कर्जबंदीच्या उलट इथे झालं: याच सरकारला १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे हात पसरावा लागला.

माझी एक विद्यार्थिनी ह्येसानची, चीनच्या सीमेवर यालू नदीकाठची. तिचे वडील रोज कारखान्यात जायचे. कारखान्यात वीज नाही, कच्चा माल नाही, पगारात एक किलो तांदूळ येत नाही. पण गैरहजर राहिलं तर मजुरांच्या छावणीत पाठवायचे. लग्न झालेल्या बाईवर मात्र सरकारी नोकरीची सक्ती नव्हती. त्यामुळे आई घराबाहेर पडली. आधी घरातली भांडी विकली, मग टोफू करून विकायला लागली. उरलेल्या चोथ्यावर डुक्कर पाळलं. ही मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी बसायची. आई सांगायची, पोलीस आला की पाटी उचल आणि पळ, पैशाची पिशवी मात्र माझ्याकडे राहू दे. पुढे वडीलही सुटले: कारखान्याला दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि हजेरीपटावर नाव ठेवून आपला धंदा बघायचा. ही तिथे सर्रास चालणारी गोष्ट आहे.

२००३ मध्ये सरकारने असे बाजार अधिकृत केले, गाळ्यांचं भाडं घ्यायला सुरुवात केली. आणि नोव्हेंबर २००९ च्या शेवटी एका दिवशी जुने पैसे रद्द. शंभर वॉनचा एक वॉन, आणि तोही ठरावीक मर्यादेपर्यंतच बदलून मिळणार. टोफू विकून साठवलेलं सगळं तिच्या आईच्या हातात कागद होऊन राहिलं. ती सांगते की आई त्या दिवशी रडली नाही, पण त्यानंतर तिने एक वॉनही घरात साठवला नाही. जे मिळेल ते चिनी युआनमध्ये. याच कुटुंबासारख्या लाखो कुटुंबांचा त्या आठवड्यात सरकारवरचा विश्वास कायमचा उडाला असं मला तिच्या बोलण्यातून जाणवतं.

सर, तुमच्या पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर. वीस ते चाळीस घरांचा एक गट असतो, इनमिनबान. त्याची प्रमुख बहुधा मध्यमवयाची बाई. कुणाच्या घरी कोण आलं, कुणी नवी टीव्ही घेतली, कुणाच्या घरातून मांस शिजल्याचा वास येतो, हे तिला माहीत असणं हे तिचं काम. रात्री मुक्कामाला कुणी आलं तर नोंद करायची, प्रवासाचा परवाना दाखवायचा. मध्यरात्री तपासणी येते ती मुख्यतः हेच बघायला. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला परवाना, प्योंगयांगला जायला आणखी वेगळा.

आठवड्यातून एकदा आत्मपरीक्षणाची सभा. वही काढायची, नेत्याचं एक वचन वाचायचं, त्या मोजपट्टीवर आपण कुठे कमी पडलो ते सांगायचं आणि मग समोरच्या एकाचा दोष सांगायचा. मुलं सांगतात की मैत्रिणी आदल्या दिवशी ठरवून ठेवायच्या: तू माझ्या उशिरा येण्याबद्दल बोल, मी तुझ्या न पुसलेल्या फळ्याबद्दल बोलते. मैत्री टिकवायला केवढी ही खटपट. माझ्या वर्गातली एक मुलगी अजूनही चूक झाली की उभी राहून सविस्तर कबुली द्यायला लागते. तिला "बस, काही नाही झालं" म्हणताना मला दर वेळी गलबलून येतं.

आनंदाचंही लिहायला हवं, नाहीतर ही माणसं फक्त दुःखाची वाटतील. नोव्हेंबरात किमजांग, हिवाळ्याभराची किमची घालण्याचं काम. सगळी इमारत अंगणात उतरते, कोबी धुतात, मीठ लावतात, एकमेकींच्या हातचं चाखतात. माझे विद्यार्थी इथल्या दुकानातली किमची खाऊन नाक मुरडतात. उत्तरेची कमी तिखट, पाणीदार आणि आंबट असते, आणि त्यांच्या मते तीच खरी.

रानजाई

सह्याद्रीपल्याड, फार मनापासून लिहिलंत. सभेतल्या मैत्रिणींचं वाचून मी आजीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडेही गिरणीत एकमेकांचे दोष काढायच्या बैठका व्हायच्या, पण आठवड्याच्या आठवड्याला नाही.

सर, लग्नाचं. तिथे माणसामागे एक शब्द चिकटलेला असायचा, "बिओग्राफी". स्वतःचं चरित्र नव्हे, तर आजोबांकडे किती जमीन होती, काका युद्धात कुणाच्या बाजूने लढला, चुलतभाऊ पळून गेला का. बिओग्राफी चांगली तर विद्यापीठ, पक्ष, शहरातली नोकरी. वाईट तर काहीच नाही. आजीच्या नवऱ्याचा मामा सीमा ओलांडून ग्रीसमध्ये गेला होता. पळून जाणं म्हणजे देशद्रोह, आणि त्याची शिक्षा मागे राहिलेल्यांनी भोगायची. मामाच्या बायकोला आणि मुलांना मिझेकेच्या दलदलीतल्या एका वस्तीत पाठवलं, रोज हजेरी, गावाबाहेर जायचं नाही. आजीच्या लेकीला गणितात सगळ्यात जास्त गुण असूनही विद्यापीठात जागा नाकारली. आजीने सगळ्यांचा विरोध पत्करून त्या घरात लग्न केलं होतं, कारण मामाच्या एका चुकीसाठी चांगल्या मुलाला का नाकारायचं, असा तिचा प्रश्न. अशी हिंमत थोड्याच जणांनी केली. अनेक जोडपी तर पुढे घटस्फोट घ्यायची, मुलांची नोंद स्वच्छ राहावी म्हणून.

उत्तर कोरियातलं सोंगबुन जवळपास हेच, पण जास्त कडक बांधलेलं. निष्ठावान, डळमळीत, शत्रू असे तीन वर्ग आणि त्यांच्या आत पन्नासेक पोटभाग. आपण जातीच्या देशातले लोक आहोत, त्यामुळे जन्मावरून माणसाचं भवितव्य ठरवणं आपल्याला लगेच कळतं. समतेच्या नावाने सत्तेवर आलेल्यांनी हे नव्याने बांधावं याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

चाफेकळी

दोघांचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही. एक विचारू का? एवढं सोसूनही अल्बानियातले लोक १९९० मध्ये उठले आणि कोरियातले अजून का उठले नाहीत?

रानजाई

कारणं पुष्कळ असणार, मला दिसतं ते लिहिते.

एक म्हणजे समुद्र. अल्बानिया आणि इटलीच्या मध्ये सगळ्यात अरुंद जागी सत्तरेक किलोमीटर पाणी आहे. इटलीची दूरदर्शन वाहिनी तिरानात पकडता यायची. लोक रिकाम्या डब्यात सुटे भाग जुळवून सिग्नल पकडायचं यंत्र घरी करायचे. आजीच्या घरात रात्री अँटेना पश्चिमेला वळवायची आणि पहाटे पुन्हा जागेवर आणायची. सान्रेमोच्या गाण्यांचा महोत्सव पडदे ओढून, आवाज अगदी बारीक करून बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी शाळेत त्यातलं काही गुणगुणू नये म्हणून दम द्यायचा. एका पिढीला इटालियन येते ती अशी शिकलेली. त्यामुळे "बाहेर लोक उपाशी मरतात" हे सरकारचं म्हणणं १९८० नंतर कुणाच्या गळी उतरेना. दोन्ही कोरियांच्या टीव्हीची तांत्रिक पद्धतच वेगळी, आणि उत्तरेतल्या रेडिओची बटणं सरकारी केंद्रांवर पक्की करून टाकलेली. तिथे बाहेरचं चित्र पोचलं ते बाजारातून, आधी चकत्यांवर (सीडी-डीव्हीडी) आणि मग पेनड्राइव्हवर. सह्याद्रीपल्याड यावर जास्त सांगतील.

दुसरं, होजाच्या मागे होजा आला नाही. त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या रमिझ अलियाकडे ना तो दरारा होता ना घराण्याचं वलय. १९९० च्या जुलैत हजारो लोक भिंतींवरून उड्या मारून परदेशी वकिलातींत शिरले. डिसेंबरात विद्यार्थी उठले, त्याची ठिणगी वसतिगृहातली थंडी आणि वीज जाणं. २० फेब्रुवारी १९९१ ला स्कंदेरबेग चौकातला होजाचा पुतळा पाडला. त्याच ऑगस्टमध्ये व्लोरा नावाचं जहाज क्युबाची साखर घेऊन दुर्रेस बंदरात लागलं होतं. लोक त्यावर चढले, दोरांवर, शिडांच्या काठ्यांवर, वीस हजारांच्या आसपास, आणि कप्तानाला ते इटलीच्या बारी बंदरात न्यावं लागलं. आजीचा धाकटा दीर त्यावर होता. पाणी नव्हतं, वर साखरेची पोती. तहानेने जीव जात असताना साखर खाल्ली असं तो सांगतो. बारीत त्यांना फुटबॉलच्या मैदानात कोंडलं आणि बहुतेकांना परत पाठवलं, त्यालाही.

सह्याद्रीपल्याड

पेनड्राइव्हबद्दल. आधी चकत्या होत्या तेव्हा तपासणीवाले इमारतीची वीज तोडून मग दार ठोठवायचे, म्हणजे चकती यंत्रात अडकून राहायची. पेनड्राइव्ह क्षणात उपसून लपवता येतो. ह्येसानच्या त्या मुलीने इथल्या मालिकांमध्ये सगळ्यात आधी काय पाहिलं तर फ्रिज. नायिका गरीब म्हणून दाखवली होती आणि तिच्या घरी फ्रिज भरलेला.

चाफेकळी, मला "उठले नाहीत" हे बरोबर वाटत नाही. पळणं आणि बाजार चालवणं हेच त्यांचं उठणं आहे. आणि सरकारला ते कळलंय. जानेवारी २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने सीमा बंद केली, त्याच वर्षी डिसेंबरात दक्षिणेच्या मालिका बाळगण्या-पसरवण्याबद्दल देहदंडापर्यंतचा कायदा आणला, आणि मग धान्याची विक्री बाजारातून काढून सरकारी दुकानांत न्यायचा प्रयत्न सुरू झाला. २०१९ मध्ये इथे हजारावर लोक पोचले होते, २०२१ मध्ये फक्त ६३. माझ्या विद्यार्थिनीची आई अजून ह्येसानलाच आहे. पूर्वी दलालामार्फत पैसे पाठवता यायचे, चिनी फोनवर दोन मिनिटं आवाज ऐकू यायचा. आता तो दलाल फोन उचलत नाही.

गोदाकाठ

तुम्हा दोघांचे आणि चाफेकळींचेही आभार. मुलांना हे सगळं वाचून दाखवणार आहे. रानजाई ताई, शेवटचं एक: आजी आता त्या काळाबद्दल काय म्हणतात? चांगलं काही आठवतं का त्यांना?

रानजाई

आठवतं, आणि ती ते लपवत नाही. खेड्यात वीज आली, १९७० मध्ये शेवटचं गावही जोडलं गेलं. दलदली उपसल्या, मलेरिया गेला. तिच्या आईला अक्षरओळख नव्हती, तिला आली. रात्रपाळी संपवून एकटी चालत घरी यायची, कधी कुणी वाटेला गेलं नाही. हे सांगताना तिचा आवाज ठाम असतो. मग लेकीच्या गणिताचा विषय निघाला की ती गप्प होते.

२०१५ मध्ये तिथे कायदा झाला, सिगुरिमीने आपल्यावर ठेवलेली फाइल आता अर्ज करून बघता येते. लेकीने अर्ज केलाय. आजीने स्वतःसाठी करायला नकार दिला. तिच्या मजल्यावरच्या तीन घरांत अजूनही तीच माणसं राहतात, सणाला एकमेकींकडे ताटं जातात, आणि त्यातलं एखादं नाव त्या कागदात निघालं तर या वयात नवे शेजारी कुठून आणायचे, असं ती मला म्हणाली.